कागदात नको

“माफी मागा, म्हणजे विषय इथेच मिटेल,” मुख्याध्यापिका सुचित्रा मॅडम म्हणाल्या.

जयमालाबाई उभ्याच राहिल्या. समोर नववीतल्या शौनकचे वडील सुधीरराव फणफणत बसले होते, शेजारी शौनक मान खाली घालून उभा होता. नववीच्या मुलांना जीवनकौशल्यं शिकवायला बाईंना शनिवारचा एक तास मिळाला होता. बटण लावणं, नळाचा वायसर बदलणं, कुकर लावणं, यावर कोणाची तक्रार नव्हती. पण या शनिवारी बाईंनी मुलग्यांना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सॅनिटरी पॅड आणायला पाठवलं आणि वर बजावलं, की कागदात गुंडाळून आणायचं नाही. झालं, पालकांच्या ग्रुपवर भडका उडाला!

“दुकानात आमच्या सोसायटीतले लोक होते, मॅडम! काय इज्जत राहिली?”

“बरं झालं. त्यांचीपण शिकवणी झाली,” बाई म्हणाल्या.

“जयमालाबाई!” मॅडमचा आवाज चढला. “माफी मागा, नाहीतर तो तास मी गणिताला देईन.”

या तासासाठी बाई वर्षभर मॅडमच्या मागे लागल्या होत्या. लहानपणी तळवली गावातल्या घरात त्यांचं पाळीचं कापड गोधडीखाली, कोणाला दिसू नये असं वाळत पडायचं. ते कधीच नीट वाळलं नाही. त्याचा राग बाईंच्या मनातून अजून गेला नव्हता, आणि राग आला की त्यांची शाळेतली भाषा सुटून गावची बोली तोंडात यायची.

“द्या गनिताला. पन माफी मी नाय मागनार. चोरीचा माल हाय का तो, लपवून आनायला?”

पुढच्या शनिवारी नववीच्या वर्गात समीकरणं चालली होती. बाई स्टाफरूममध्ये बसून ऐकत राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं. पश्चात्ताप मात्र वाटला नाही.

संध्याकाळी त्या बाम घ्यायला मेडिकलमध्ये गेल्या, तर पुढे सुधीरराव आणि शौनक. सुधीररावांनी खोकल्याचं औषध मागितलं.

“आणि आईसाठी पॅड,” शौनक म्हणाला.

दुकानदाराने सवयीने वर्तमानपत्र ओढलं.

“कागदात नको, काका.”

“अरे, काळी पिशवी तरी घे!” सुधीरराव दबक्या आवाजात म्हणाले.

“चोरीचा माल आहे का, बाबा?”

सुधीररावांनी वळून पाहिलं. मागे बाई होत्या. त्यांनी दुकानदाराकडे बाम मागितला.

शौनक पाकीट हातात घेऊन निघाला. सुधीरराव मुद्दाम चार पावलं मागे राहून चालले. सिग्नलला मात्र दोघांना शेजारी शेजारी उभं राहावं लागलं.