दुसरी रेघ

मी हिरड्यांवरून फिरवायची काडी बोलतेय. टोकाला चपटी पट्टी आणि सोबत औषधी पाण्याची कुपी, एवढाच माझा संसार. अंगात एचआयव्ही आहे का, ते मी घरबसल्या सांगते. जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण मला जग दिसलं ते आफ्रिकेतल्या मलावीच्या सरोवराकाठी, दवाखान्यातल्या खोक्यात.

गरोदर बायकांच्या रांगेत तादाला होती. तिची तपासणी चांगली निघाली. नर्सबाईंनी मला तिच्या हाती दिलं. "ही घरधन्यासाठी. त्याला असेल तर तुला लागेल, मग बाळाला."

तादालाने मला कमरेच्या कापडात खोचलं. घरी पोचल्यावर मात्र तिचं अवसान गळालं आणि मी पिठाच्या डब्यामागे जाऊन पडले. नवरा, वायसन, रात्री मासे धरायला होडीवर जायचा, दिवसा झोपायचा. रोज तिच्या तोंडाशी शब्द यायचा, रोज ती तो गिळायची. उत्तराच्या भीतीने माणसं प्रश्नच विचारत नाहीत, हे मी त्या डब्यामागे शिकले. मला तर रागच यायचा. पोट काही कुणासाठी थांबत नव्हतं.

शेवटी एका सकाळी तिने मला त्याच्यापुढे ठेवलं.

"रक्त कुठून काढायचं?" त्याने विचारलं.

"रक्त नाही. हिरड्यांवरून फिरवायची."

"थुंकीवरून आजार कळतो होय? नर्सबाईंनी तुझी चेष्टा केली."

"मग चेष्टाच आहे ना, लिनलीचे बाबा? फिरवा की."

तो अडकला. इकडे लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी येतो, सगळेच घरजावई. सासूच्या मनातून उतरला की गोधडी उचलून चालता होतो. वायसनच्या डोळ्यांत ती गोधडी मला स्पष्ट दिसली. तरी त्याने मला फिरवलं. वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा.

मला कुपीत उभं केलं. घरात घड्याळ नव्हतं. "न्सीमा होईपर्यंत बघायचं नाही, असं सांगितलंय," म्हणत तादाला चुलीवरच्या उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घोटू लागली. पहिली रेघ उमटली. ती सगळ्यांनाच उमटते. मग खाली दुसरी, लालसर रेघ दिसू लागली; ती आजार असेल तरच उमटते. ते मला नको होतं. पण माझ्या अंगात खोटं बोलायची सोय नाही.

तादालाने पातेलं उतरवलं, मला पाहिलं आणि खाली बसली.

"कुठून आणलंत हे?"

"पलीकडच्या काठावर राहायचो तेव्हाचं असेल," तो पुटपुटला.

ती रडली, रागाने रडली. एवढ्यात चार वर्षांची लिनली भूक भूक करत आत आली. मग हातांवर पाणी ओतलं गेलं आणि मधे ताट आलं, सगळ्यांचं मिळून एकच. वायसनने आपला गोळा एका झाकणावर घेतला आणि दाराशी जाऊन बसला. लिनली मांडीवर चढायला गेली, तर त्याने तिला ढकललं.

"लांब बस. माझ्या थुंकीत आहे ते. उद्या मी आईच्या गावी जातो."

माझा जीव कासावीस झाला. मी सांगितलं ते खरं, पण त्याने ऐकलं ते मी सांगितलंच नव्हतं. शरीर त्या विषाणूशी झुंजतं, त्या झुंजीच्या खुणा मी वाचते. उष्ट्याने तो कुणाला लागत नाही. पण हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

तादालाला होतं. ती उठली, त्याच्या हातातला अर्धा खाल्लेला घास काढून घेतला आणि खाऊन टाकला.

"थुंकीवरून कळतं म्हणजे थुंकीतून लागतं, असं कुठल्या शहाण्याने सांगितलं? कशातून लागतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्याचं काय करायचं ते दवाखान्यात विचारू. माझा राग गेलेला नाही. पण ताटावर या."

तो आला. झाकणावरचा उरलेला गोळा त्याने पुन्हा ताटात ठेवला.

दुपारी दोघं मला घेऊन दवाखान्यात आली. वायसनचं रक्त तपासलं, माझं म्हणणं खरं ठरलं. त्याला गोळ्या मिळाल्या. रोज घेतल्या तर नातवंडं बघशील, असं नर्सबाई म्हणाल्या. तादालाचं रक्त पुन्हा तपासलं. ती अजून चांगली आहे, पण यापुढे निरोध वापरून जपायचं आहे.

मी आता कचऱ्याच्या पेटीत आहे, लवकरच जाळतील. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की मला डब्यामागे ठेवू नका. आणि दुसरी रेघ दिसली तर दवाखान्याची वाट धरा, घराबाहेरची नको.

खिडकीतून ती दोघं दिसतायत. तादाला तोंड फिरवून बसलीय. वायसन बाटलीतून पाणी प्याला. तिने हात पुढे केला. त्याने बाटलीचं तोंड सदऱ्याला पुसायला घेतलं, तर तिने ती तशीच हिसकावून घेतली आणि तोंडाला लावली.