शेवटायला ठेवलेली कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे आणि आधीच सांगते, मी रागात आहे. गोड बोलणारी अवजारं तुम्हाला पुस्तकांत पुष्कळ भेटतील. माझं टोक बोथट होतं, जीभ होत नाही.

माझा जन्म मैंदर्गीच्या लोहाराच्या भात्यासमोर झाला. मालट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून त्यानं मला घडवलं. शंकरप्पानं मला विकत घेतलं, बांधावरच्या बाभळीचा दांडा स्वतः तासला आणि माझ्या नेढ्यात बसवला. शंकरप्पा आणि त्याची बायको बसव्वा अर्ध्या एकरात वांगी, काकडी, दोडका लावायचे आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून विकायचे. त्याचे हात जिथं पडायचे तिथं दांडा झिजून गुळगुळीत झाला. शंकरप्पा गेला. मग बसव्वा त्याच दोन जागी हात ठेवून खणू लागली. "मालकाच्या हातावर हात ठेवल्यागत वाटतं बग," असं ती एकदा शेजारणीला म्हणाली आणि लाजली.

बाजारात तिच्या वांग्यांचं कौतुक व्हायचं. "बसव्वा, लई कवळी हायती गं!" म्हणत बायका पिशव्या भरायच्या. माझं नाव कधी कुणी घेतलं नाही. न का घेईनात! मला चीड आहे ती एका शब्दाची. तो शब्द म्हणजे 'रिकामी'.

मार्गशीर्ष सरता सरता आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. भाजी संपते आणि बाजारातली बसव्वाची जागा मोकळी पडते. मग येणारा-जाणारा म्हणतो, "आता काय, सुट्टीच की तुला!" सोलापुरात नोकरी करणारा तिचा मुलगा गुरुशांत तर दर हिवाळ्यात फोनवर तेच तुणतुणं वाजवतो, "आई, थंडीत रिकामीच हायस. हिकडं येऊन ऱ्हा."

रिकामी म्हणे! अरे, एकदा येऊन बघ तरी. ही बाई वांग्याची वाळली झाडं उपटते. बियाण्याचे दोडके आढ्याला टांगते. पावसानं फोडलेला बांध दगड रचून सांधते. आणि मग मला घेऊन पुढच्या वेलांसाठी आळी खणते. ते खड्डे थंडीवाऱ्यात उघडे राहिले, त्यांनी ऊन खाल्लं, की मगच त्यांत शेणखत पडतं. थंडीत आळं नाही तर पुढं दोडका नाही. बाजारातल्या लोकांना दोडका दिसतो, त्याच्या मुळाशी गेलेला हिवाळा दिसत नाही.

या खणण्यानं माझं टोक झिजतं. म्हणून दर हिवाळ्यात कामाला लागण्याआधी मी लोहाराकडे जाते. तो मला तापवतो, ठोकतो, नवं टोक काढून देतो. याला आमच्याकडे 'शेवटणं' म्हणतात. शेवटलेली कुदळ पुन्हा तरणीताठी होते. शब्दच असा उफराटा, आणि यंदा त्यानंच माझा घात केला.

यंदा गुरुशांतची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको पायल सासूला न्यायला आली होती. ती शहरात वाढलेली, मनानं चांगली आणि कामाला चपळ. सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन रानात निघालेली बसव्वा दारातून ओरडली, "पायल, ती कुदळ शेवटायची हाय गं! भाईर काढून ठेव."

पायलला वाटलं, कुदळीचा शेवट करायचा. म्हणजे सासूबाईंनी एकदाचं सोलापूरला यायचं मनावर घेतलं! पोरगी खूश झाली. तेवढ्यात भंगारवाला इसूफ टेम्पो घेऊन दारात आला. "लोखंड घेतो ताई, लाकूड नको," तो म्हणाला. पायलनं मला दगडावर आपटून दांडा वेगळा केला. माझ्या बदल्यात तिला एक निळी प्लास्टिकची बादली मिळाली. हसू नका. तुमच्या जन्माचा मोबदला म्हणून कुणी बादली दिली असती तर तुम्ही हसला असता का?

पुढचं मला नंतर कळलं. संध्याकाळी बसव्वा थकून आली. सुनेनं प्रेमानं नव्या बादलीत कढत पाणी काढून दिलं. न्हाणीत अंगावर दोन तांबे घेतल्यावर बसव्वानं आतूनच विचारलं, "लोहाराकडं कोण गेलं गं? कुदळ दिसंना."

"लोहाराकडे कशाला? तुम्हीच म्हणालात ना आई, शेवट करायचा. भंगारात दिली."

"अय्यो शिवा! आन दांडा?"

पायल चुलीकडे बघत राहिली. "त्याच्यावरच तर पाणी तापवलं," ती हळूच म्हणाली.

बसव्वानं ते पाणी सांडलं नाही. सगळं अंगावर घेतलं.

सकाळी ती बादली घेऊन इसूफच्या वखारीत आली, मागोमाग रडवेली पायल. त्याच दिवशी ढिगातलं सगळं लोखंड भट्टीला जाणार होतं आणि मी गंजक्या पत्र्यांखाली पडले होते. बसव्वानं बादली त्याच्यापुढं आदळली. "ही घे तुजी. माजी दे!"

"अक्का, सून म्हनली म्हणून घेतली की," इसूफ कावराबावरा झाला. पण त्यानं सगळे पत्रे उपसले आणि मला शोधून दिलं.

लोहारानं मला शेवटून दिलं, बाजारातून आणलेला तयार दांडा बसवला. आम्ही रानात पोचलो तोच गुरुशांतचा फोन, "आई, निघालीस न्हवं? तितं रिकामी बसून काय करतीस?"

"रिकामं तुजं डोस्कं हाय!" बसव्वा कडाडली आणि तिनं फोन पायलच्या हातात कोंबला.

आता आळी खणायचं काम चालू आहे. पायल सोलापूरला गेली नाही. तीही खणते, तिच्या हातांना फोड आलेत. तिच्यावरचा राग मी सोडू पाहते, पण बसव्वा खणता खणता थांबते आणि दांड्यावर ती जुनी जागा चाचपते. ती जागा तिथं नसते. मग माझा राग पुन्हा पेटतो.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू दाराबाहेर काढण्याआधी, तिच्यावर कुणाचा हात फिरलाय ते विचारत जा. लोखंड पुन्हा शेवटून घेता येतं. त्या दांड्याचा मात्र शेवटच झाला.