पंचांनी वाटलेलं कार्ड

आमचे हे, म्हणजे हनुमान, आणि त्यांचा धाकटा भाऊ विपुल वेगळे झाले तेव्हा पंचांनी घरातलं सगळं निम्मं निम्मं केलं. लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करायचा कॉम्प्युटर मात्र एकच होता. तो उघडून डबा थोरल्याला दिला आणि आतलं ग्राफिक्स कार्ड धाकट्याला. कार्डाशिवाय डब्याचा पडदा काळा आणि डब्याशिवाय कार्ड उशाला घ्यायच्याही कामाचं नाही, हे पंचांना कोण सांगणार? भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नाही. माझ्यावरून झालं नव्हतं एवढं नक्की.

धंदा नाइलाजाने एकत्र राहिला. कुठे हळदीचं शूटिंग झालं की विपुलभावजी मुरबाडहून एसटीने किन्हवलीला यायचे, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं कार्ड घेऊन. दोघं कामापुरतं बोलायचे, शेजारी बसून जेवायचे आणि संध्याकाळी भावजी कार्ड काढून परत न्यायचे.

यंदा जुन्या डब्याने मान टाकली. नवा घ्यायला आम्ही दोघं शहापूरला गेलो. दुकानदार म्हणाला, "आता कार्ड लागत नाय. प्रोसेसर आन् ग्राफिक्स एकाच चिपवर आलंय. मेमरीपण एकच, दोघं वाटून वापरतात."

"भांडत नाय?" मी विचारलं.

"नाय."

ह्यांनी दुकानाच्या पंख्याकडे बघितलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मंग आता भावजी येणार नाय."

"नको येऊ दे. अडलंय कोणाचं?" हे म्हणाले आणि जेवले नाहीत. मला वाईट वाटलं. माझ्या आमटीला नावं न ठेवणारे या घराण्यात भावजी एकटेच.

पुढचं हळदीचं काम आलं तेव्हा ह्यांनी स्वतः फोन केला. "नवा डबा घेतलाय. कार्ड घेऊन ये."

भावजी आले. ह्यांनी स्क्रू काढून कार्ड आत बसवलं, झाकण लावलं आणि पडद्याची वायर कार्डाला न जोडता डब्याच्याच भोकात खुपसली. काम झकास चाललं. कार्ड आत पाहुण्यासारखं नुसतं बसून होतं. दोघं मात्र गाणं कुठलं टाकायचं यावरून पोटभर भांडले. कित्येक दिवसांनी घरात आवाज झाला, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी भावजी कार्ड गुंडाळून निघाले. मी अंगणापर्यंत गेले. राहवलं नाही.

"भावजी, ती वायर…"

"बघितली वैनी. बसल्या बसल्याच बघितली."

"मंग?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "दादाला बोलू नको. रविवारी सरळगावला हळद हाय. कार्ड आणतो."