गच्चीवरच्या टाक्या

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो; शिंदखेड्याचे झुलालआबा पाणीही फुंकून पीत. कुणी वचन दिलं की ते त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या गच्चीकडे बघत. "उन्हाळाभर एक दिवसाआड नळ येईल," असं नगरसेवक धनसिंगने भर सभेत सांगितलं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या गच्चीवर दोन नव्या टाक्या चढल्या. नळ आला तो पंधरवड्याने.

आता टीव्हीवर आखातातला एक चिमुकला देश बोलत होता. त्याच्या बलाढ्य मित्राला शेजारच्या देशाशी लढाई करायची होती, आणि मित्र असूनही हा नाही म्हणत होता. आमच्या जमिनीवरून एकही विमान उडणार नाही, आम्हाला माणुसकी प्यारी.

"कितला भला लोके!" आबांच्या बायकोने, ताईबाईने हात जोडले. दोघांचा एकुलता मुलगा ललित तिथेच प्लंबर होता.

"भला?" आबांना ती माणुसकी काही पचेना. "दोस्त फुकट 'नई' म्हनत नई. यास्ना पोटमा काहीतरी शे."

संध्याकाळी ललितचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी तेच उकरलं. "तठे पेवाले पानी कोठून येस रे?"

"समुद्रनं, आबा. कारखानामा गोडं करतस. नदी नई, विहीर नई."

आबांचा चेहरा उजळला. कारखान्यावर एक बॉम्ब पडला की अख्खा देश तहानेने तडफडेल, म्हणून हा विरोध! माणुसकीवर त्यांनी कधी भरवसा ठेवला नसता, पण स्वतःच्या घशासाठी भांडणारा शेवटपर्यंत भांडतो. म्हणजे लढाई टळली, पोरगं वाचलं. त्यांना फार हायसं वाटलं. ताईबाईला त्यांनी चहा टाकायची खूण केली.

"कामधंदा कसा चाली ऱ्हायना?" त्यांनी सहज विचारलं.

"जोरात, आबा! बठ्ठा सरकारी बंगलास्वर रातदिन नव्या टाक्या बसाडी ऱ्हायनूत. डबल पगार शे!"

आबा उठून उभे राहिले.

"पासपोर्ट तुन्हाजोडे शे का?"

"शेठजोडे शे. कालच मांगी लिधा, सांभाळाकरता. काब्र? काय व्हयनं?"

"आजच मांग. कामधंदा सोड आनि घर निंघी ये."

"आबा, तुमले बठ्ठास्मा संशयच दिखस," ललित हसला आणि त्याने फोन ठेवला.

टीव्हीवर तो देश अजून नाहीच म्हणत होता. ताईबाई चहा घेऊन आली. "लढाई टळनी ना?" तिने विचारलं.

आबांनी कप घेतला नाही. "त्यास्नी टाक्या चढाडी लिध्यात," ते म्हणाले.