भिंगबाई आणि काचेचं सिमेंट

बाटल्यांच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं तपासणीला होत्या. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मागे पांढरा दिवा जळत असायचा आणि बाई एकेक बाटली नजरेखालून घालायच्या. बुडबुडा, सुरकुती, केसाएवढा तडा, काही सुटायचं नाही. भिंगबाई हे नाव तिथेच पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्यामागोमाग घरी आलं. मुलगा ते तोंडावर म्हणायचा, सून मनातल्या मनात. बाटल्या संपल्या होत्या, तपासणी संपली नव्हती. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख त्या दोनदा वाचत, आणि कुणी फार गोड बोललं की यात कुठे पाणी मुरतंय ते शोधत.

त्या वर्षी त्यांच्या खालच्या तीन दातांना हिरडीलगत तपकिरी खाचा पडल्या. गार पाणी लागलं की कळ थेट कानात जायची. महिनाभर कुणाला सांगितलं नाही. शेवटी सुनेने जेवताना पकडलं.

"अहो आई, डाव्या बाजूने चावतच नाही तुम्ही. माझी शाळेतली मैत्रीण दातांची डॉक्टर आहे. उद्या जाऊ."

मैत्रीण म्हटल्यावरच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दवाखाना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. एक खुर्ची, एक बेसिन, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. डॉक्टरीणबाई तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तिन्ही खाचा पाहिल्या आणि म्हणाल्या, "मुळांना कीड लागलीय, मावशी, पण मऊ आहे. हाताने खरवडून काढते आणि काचेचं सिमेंट भरते."

"काचेचं?"

"हो. काचेची बारीक भुकटी आणि एक आम्ल. दोन्ही कालवलं की घट्ट होतं आणि दाताला आपणहून चिकटतं."

बाई मनात म्हणाल्या, अगं बाई, मला काच शिकवतेस? भट्टीतून निघालेली काच त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. काच ओल्या जागी कधी चिकटते का? आणि तोंडाइतकी ओली जागा दुसरी कुठली?

मग जे झालं त्याने संशय आणखीच वाढला. भोकं पाडायचं यंत्र शेजारी लटकत होतं, त्याला डॉक्टरीणबाईंनी हातसुद्धा लावला नाही. सुई नाही, भूल नाही. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने त्यांनी कीड खरवडली, गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, दाताला कसलंसं पाणी लावून धुतलं. मग कागदाच्या गठ्ठ्यावर भुकटी आणि चिकट थेंब घेऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने भराभर कालवलं, चकाकी आहे तोवर खाचेत भरलं आणि वरून व्हॅसलीन चोपडलं. शेजारणीच्या दातात भरलेलं घट्ट व्हायला डॉक्टरांनी निळा दिवा लावला होता म्हणे. इथे दिवाही नाही.

"तासभर काही खाऊ नका. आणि एक दिवस कडक काही चावू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई बेसिनपाशी तोंड पुसायला गेल्या. मागे दाराशी दोघी मैत्रिणी हळू आवाजात बोलत होत्या. बाईंचे कान डोळ्यांइतकेच तिखट होते.

"पाच वर्षं टिकलं तरी पुष्कळ झालं गं," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

"चालेल," सून म्हणाली. "फक्त ते दुसरं आईंना कळू देऊ नकोस हं."

बाईंच्या हातातला रुमाल तसाच राहिला. म्हणजे या दोघींनी आपली मुदतही ठरवून टाकली! म्हातारी अजून पाच वर्षं काढेल, तेवढ्यापुरतं भागवा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या स्वतःच्या दातांत असला प्रकार होईल असं वाटलं नव्हतं. ट्रेमधल्या कागदावर उरलेला सिमेंटचा गोळा घट्ट झाला होता. बाईंनी तो हळूच रुमालात घेतला.

घरी आल्यावर त्यांनी गोळा खिडकीत, उन्हात ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ जुनं भिंग लावून पाहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग निस्तेज झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कोरड्या तळ्याच्या मातीसारखं तड्यांचं जाळं उमटलं. बाईंना इतका आनंद झाला की त्या एकट्याच "हं!" म्हणाल्या. कारखान्यात असता तर हा माल त्यांनी केव्हाच भंगारात टाकला असता.

सुनेला सांगायचं नव्हतं. ती तिकडचीच. चौथ्या दिवशी बाई एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि गोळा आणि भिंग टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं सिमेंट. तीन दिवसांत तडकलं. माझ्या तोंडात हेच भरलंय ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि गोळा नीट पाहिला. "कुठे ठेवला होता?"

"खिडकीत. उन्हात."

"मग तडकणारच. या सिमेंटच्या पोटात पाणी असतं, मावशी. ते वाळलं की तडे जातात. म्हणून तर वर व्हॅसलीन लावलं. सुरुवातीला जास्त पाणी नको आणि नंतर कोरडंही पडायला नको. एरवी तोंडात ओल असतेच, म्हणून टिकतं."

"बोलायला काय जातं?"

"माझं ऐकू नका, बघा." त्यांनी तिथल्या तिथे थोडं सिमेंट कालवून दोन गोळ्या केल्या. दोन्हींना व्हॅसलीन लावलं. तासाभराने एक पुसून खिडकीत ठेवायची आणि दुसरी पाण्याच्या पेल्यात, असं ठरलं. "चार दिवसांनी तुमचं भिंग घेऊन या. आता आ करा, बसवलेलं कसं आहे ते पाहते."

बाईंनी आ केला. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा गालाच्या आत फिरवला आणि तो अडला. ओढून काढताना गालाची कातडी त्याच्याबरोबर ताणली गेली.

"तोंड कोरडं पडतं का तुमचं?"

"छे! मुळीच नाही."

"आरसा गालाला चिकटला, मावशी. आणि पेपरमिंटचा वास येतोय."

दुसऱ्यांच्या बाटल्यांतले बुडबुडे शोधणाऱ्या बाईंची स्वतःची बाटली आता दिव्यासमोर आली होती. दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, तेव्हापासून जीभ टाळूला चिकटायची. त्यावर उपाय म्हणून त्या दिवसभर पेपरमिंट चघळत. पुडी उशीच्या खोळीत असायची. मुलाला साखरेचं कळलं असतं तर त्याने ती फेकून दिली असती, म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं; डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हाही नाही.

"किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दहा. पंधरा."

"कोरड्या तोंडात दिवसभर साखर. दात मुळापाशी किडले ते यानेच. या सिमेंटमधून थोडं थोडं फ्लोराइड पाझरतं, त्याने आजूबाजूच्या दाताला जरा आधार मिळतो. म्हणूनच तुमच्यासाठी हे निवडलं. पण त्याची ताकद कमी. चावायच्या जागी मी ते भरलं नसतं, झिजतं आणि फुटतं. पेपरमिंट चालू राहिलं तर तेही वाचवणार नाही."

बाईंनी मान खाली घातली, पण सगळी तपासणी अजून व्हायची होती. "आणि पाच वर्षांचं काय? मी ऐकलंय सगळं."

"सिमेंट पाच वर्षं टिकेल, असं म्हटलं होतं मी. तुम्ही नाही!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "निघालं तर परत लावता येतं."

"मग मला कळू द्यायचं नव्हतं ते काय?"

"ते सुनेला विचारा. माझ्या तोंडून नको."

घरी सून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी दारातच विचारलं. सुनेच्या हातातला शर्ट खाली आला.

"ह्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "लहानपणी ते तुमच्याबरोबर दवाखान्यात आले होते. तुमची दाढ कोरायला घेतली, यंत्राचा आवाज आला आणि तुम्ही खुर्चीवरून उठून थेट रस्त्यावर आलात. परत कधी गेलाच नाहीत. म्हणून मी तिला विचारलं, यंत्राशिवाय जमेल का? ती म्हणाली, खाचा मऊ आहेत, जमेल. पण मी तुमची भीती परक्या बाईला सांगितली, हे तुम्हाला कळलं तर अपमान वाटेल, असं वाटलं मला."

बाई पलंगावर बसल्या. चाळीस वर्षं ही गोष्ट त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती. रागवावं की काय करावं, कळेना. मग त्यांनी उशी उचलली, खोळीतली पुडी काढली आणि सुनेपुढे ठेवली.

"हे घे. नाहीतर रात्री परत खाईन."

सून पुडीकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत राहिली, मग खो खो हसत सुटली. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं.

ठरल्याप्रमाणे बाई भिंग घेऊन गेल्याच. खिडकीतल्या गोळीवर जाळं उमटलं होतं, पाण्यातली अखंड होती. दोन्ही त्यांनी उलटसुलट करून तीनदा पाहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. रक्तदाबाच्या डॉक्टरांकडून औषध बदलून आणलं, पेपरमिंटच्या जागी साखर नसलेल्या गोळ्या आल्या, पाण्याची बाटली सतत हाताशी राहू लागली. दीड वर्षाने तीनपैकी एक सिमेंट कडेला निघालं. दहा मिनिटांत नवं बसलं. बाईंनी आधी डबीवरची तारीख मात्र वाचून घेतली.

पुढच्या हिवाळ्यात वरच्या दाढेला कीड लागली. ती चावायची जागा; तिथे हे सिमेंट चालणार नव्हतं आणि कीडही टणक होती.

"यंत्र लावावं लागेल, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग बाहेर बसलेल्या सुनेला हाक मारली.

"अगं, जरा आत ये. इथे बस, माझ्याजवळ."

सून आली, स्टूल ओढून बसली. यंत्र सुरू झालं तेव्हा बाईंनी डोळे मिटून तिचं मनगट पकडलं, ते काम संपेपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत सुनेच्या हातावर पाच बोटांच्या खुणा होत्या.