काळं पडलेलं बिल

निमोण्याच्या बौद्धवस्तीत बन्सीला सगळे कागदवाले आबा म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं. पोरीच्या, तेजश्रीच्या, डिप्लोमाच्या प्रवेशाला जात पडताळणी आडवी आली होती, तेव्हा पणजोबाच्या शाळेतली जुनी नोंद बन्सीनेच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून शोधून काढली होती. तेव्हापासून कागदावर त्याचा जीव जडला. दाखला असो, रेशनकार्ड असो, साधं लाइटबिल असो, शिरूरला तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायचं, लॅमिनेशन करून आणायचं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. वस्तीतली अर्धी माणसं आपले कागद त्याच्या पेटीत ठेवून निर्धास्त झोपायची. कुणाला शेताचा तोरा असतो, कुणाला पोराच्या नोकरीचा, याला पेटीचा होता.

त्याची बायको सोजरबाई. तिने सणसवाडीकडे एका फाउंड्रीत पंधरा वर्षं ओतकामाची वाळू चाळली होती. ती वाळू तिच्या छातीत बसली ती बसलीच. चार पावलं चालली की धाप लागायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ऑक्सिजन लागणार. तेजश्री रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होती, कारेगावात खोली घेऊन राहायची. तिने शिरूरच्या दुकानातून ऑक्सिजनचं मशिन आणून दिलं. लाइटीवर चालणारं, हवेतून ऑक्सिजन ओढून नळीने नाकात सोडणारं. जाताना तिने बिल बापाच्या हातात दिलं. तीन वर्षांची वॉरंटी आहे, एवढं जपा, म्हणाली. कागद जपायचं बन्सीला सांगायची गरजच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तो बिल घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेला. एटीएममधून निघतो तसला तो गुळगुळीत पातळ कागद. लॅमिनेशनच्या गरम रुळांतून पलीकडे निघाला तो तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. एक अक्षर राहिलं नव्हतं. झेरॉक्सवाला ओशाळून म्हणाला, मामा, हा कागदच तसला, गरम लागलं की काळा पडतो, मला बघायला पाहिजे होतं. बन्सीने ते काळं बिल प्लास्टिकसकट पेटीच्या तळाला सारलं आणि घरी सांगितलं, बिल ठेवलंय नीट. आता यात लपवण्यासारखं काय होतं, सांगा. पण अख्ख्या वस्तीचे कागद सांभाळणाऱ्याने स्वतःच्या हाताने बिल जाळलं, हे पोरीपुढे बोलायला त्याची जीभ रेटेना. चौदा महिने काही अडलंही नाही.

मग एका सोमवारी सकाळी मशिनचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला आणि ते पीं पीं ओरडायला लागलं. मशिन चालू होतं, नळीतून वाराही येत होता. पण सोजरबाईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर आकडा पंच्याऐंशी दाखवायला लागला. एरवी तो ब्याण्णव-त्र्याण्णव असायचा. बन्सीला मशिनची काळजी होतीच, पण त्याच्या आधी बिल आठवलं, हे त्याचं त्यालाच लागलं.

शेजारच्या कुशाबाईला सोजरबाईजवळ बसवून तो शिरूरला गेला. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. वॉरंटीत आहे ना, मग कंपनीचा माणूस घरी येईल, आतली जाळी बदलून देईल, दोन दिवसांचं काम, म्हणाला. फक्त बिल पाहिजे.

"बिल... जरा घावंना झालंय," बन्सी म्हणाला.

"नसू द्या, मामा. कुणाच्या नंबरवर बिल केलं व्हतं? त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तेवढा सांगा. कॉम्प्युटरमधनं दुसरं बिल काढून देतो मी."

इतकं सोपं होतं ते. बिल तेजश्रीच्या नंबरवर होतं. पण ओटीपी मागायचा म्हणजे तिला फोन करायचा, आणि फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. बन्सी म्हणाला, पोरगी कंपनीत हाय, फोन लॉकरमधी ठेवून घेत्यात, तीनला सुटंल. दुकानदार म्हणाला, मग तीनला करा, मी सात वाजेपर्यंत हाये की इथंच.

एसटी स्टँडच्या बाकड्यावर तो तीन वाजेपर्यंत बसून राहिला. काय बोलायचं ते मनात जुळवत होता. बाई, माझ्याकडनं एक चूक झाली. एवढंच तर वाक्य होतं. बरोबर तीन वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजला. तेजश्रीचाच होता. तिने आईचं विचारलं, आवाजाला दिवसभराच्या कामाचा शीण होता.

"बरी हाय," बन्सी म्हणाला.

"आन् मशिन?"

"चाललंय की."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण शेजारी बसलेल्या एका माणसाने सगळं ऐकलं होतं, दुकानदाराचं म्हणणंही बन्सीने त्याला मघाशी सांगितलं होतं. तो म्हणाला, दौंडला स्टेशनच्या मागं एक जण हाय, बिलबिल काय मागत न्हाई, बंद पडलेला मुडदा उठवंल असा कारागीर हाय. बुडत्याला हात सापडावा तसं बन्सीला झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने मशिन टेम्पोत घालून दौंडला नेलं. जाताना सोजरबाई भिंतीला उशी लावून ताठ बसली होती. दुपारपर्यंत येतो म्हणाला. ती म्हणाली, "सावकाश या. माझं काय, मी बसते." बसते म्हणायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

दौंडचा कारागीर मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याने विचारलं, तक्रार काय हाय? बन्सीने जे दिसलं ते सांगितलं.

"पिवळा दिवा लागतो आन् सारखं वरडतंय."

कारागिराने मागचं सीलचं स्टिकर फाडून झाकण उघडलं. धूळ झटकली, फिल्टर धुतला, आत कुठली तरी वायर तोडली, कुठली तरी जोडली. अर्ध्या तासात हिरवा दिवा लागला आणि ओरडणं थांबलं. तक्रार दिव्याची आणि आवाजाची होती, त्याने दिवा आणि आवाज दुरुस्त केला. त्याला तरी काय दोष द्यायचा. असलं मशिन त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उघडलं होतं आणि ऑक्सिजन किती निघतोय ते मोजायला त्याच्याकडे काही नव्हतं. बन्सी मात्र हिरवा दिवा बघून इतका हरखला, की परतताना चौफुल्याला थांबून त्याने बायकोसाठी भेळ बांधून घेतली.

भेळ तिने खाल्ली नाही. चिमट्याचा आकडा त्र्याऐंशी आला. बन्सी म्हणाला, दिसभर बिनमशिनची बसलीस, चढंल हळूहळू. दुसऱ्या दिवशी ऐंशी आला. सोजरबाई म्हणाली, बोटं गार पडल्यात, म्हणून दाखवत न्हाई. त्याने ते लगेच मानलं. मानायचंच ठरवलेल्या माणसाला कारण लागतंच किती. तिसऱ्या दिवशी त्याने चिमटा लावलाच नाही. दिवा हिरवा होता, मशिन गप होतं, आणि घरात त्या गप्पपणाचीच त्याला भीती वाटायला लागली होती.

रविवारी तेजश्रीची सुट्टी. ती उंबऱ्यातच थबकली. आईचे ओठ जांभळे, नजर भलतीकडेच. चिमटा लावला, अडुसष्ट. तिने आरडाओरडा केला नाही, सरळ ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी येईपर्यंत मशिन सरकवलं, मागे बघितलं आणि तिला फाटलेलं स्टिकर दिसलं. पण बापाकडे नुसतं बघून ती गाडीत चढली.

शिरूरच्या दवाखान्यात सोजरबाईला मोठा मास्क लावला. डॉक्टर म्हणाले, निदान आठवडाभर हिला ऑक्सिजनच मिळालेला नाही, नुसती हवा मिळालीय, आता हृदयावर ताण आलाय. थोड्या वेळाने तिला जरा हुशारी आली. तेव्हा तेजश्री बापाकडे वळली.

"आबा, मशिन वॉरंटीत व्हतं. दुसऱ्याला खोलायला का दिलं? बिल कुठं हाय?"

बन्सीने तोंड उघडलं. आता सांगायचंच, असं त्याने खरोखर ठरवलं होतं. तेवढ्यात सोजरबाईने हात हलवला आणि मास्क खाली ओढला.

"बिल... माझ्याकडनं गेलं. रद्दी समजून... चुलीत घातलं मी."

बन्सी तिच्याकडे बघतच राहिला. ती पोरीकडे बघत नव्हती, त्याच्याकडेच बघत होती. त्या नजरेतून त्याला कळलं, की हिने पेटीचा तळ कधीच बघितलाय. चौदा महिने तिला सगळं ठाऊक होतं. आणि या आठवड्यात घुसमटत असतानाही ती बोलली नाही, ते नवऱ्याची मान पोरीपुढे खाली जाऊ नये म्हणून.

तेजश्रीचा मात्र आठवड्याचा शीण, भीती, राग सगळं एकदम बाहेर पडलं.

"आई, तुला कितींदा सांगितलंय गं, कागदाला हात लावू नको म्हणून. अडाणीपणाला काय सीमा? जिवावर बेतलं ना आता."

सोजरबाईने मान डोलावली. चुकलं बाई, अशी. तेजश्रीने मास्क तिच्या तोंडावर नीट बसवला आणि औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली. खोलीत दोघंच उरली. बन्सीने तिचा हात धरला. तिने एकदाच त्याचं बोट दाबलं. औषधाच्या दुकानात गर्दी होती, तेजश्रीला यायला वीस मिनिटं लागली. तोवर नर्सने पडदा ओढला होता.

सोजरबाईच्या जलदान विधीला माणसं पुष्कळ आली. वस्तीतल्या धम्मदीप नावाच्या तरुणाने वंदना घेतली, सगळ्यांनी तिच्या कष्टांबद्दल चार शब्द सांगितले. दुपारी बायका घरात बसल्या होत्या. कुशाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून तेजश्री पहिल्यांदा मोकळी रडली.

"मावशी, शेवटचं मी आईला अडाणी म्हणले. एका बिलापायी. ती गेली तवा तिच्या कानात माझं तेवढंच व्हतं."

कुशाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आबांना पण किती लागलंय बघ, म्हणाली, बापाला जप आता. तेजश्री उठली, डोळे पुसले आणि ओट्यावर बसलेल्या बापाजवळ जाऊन बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, मी तिला असं बोलायला नको व्हतं ना?"

बन्सीने पोरीकडे बघितलं. तिला एका वाक्यात मोकळं करणं त्याच्या हातात होतं.

"जाऊ दे, बाई," तो म्हणाला. "तिनं मनावर घेतलं नसंल."