ठमीचं पाणी

जयूनं पितळी वेळणी पदराआड धरून आणली आणि न्हाणीमागच्या बोळात ठमीपुढे ठेवली. ठमी पाण्यावर तुटून पडली. तिच्या जिभेचा लपलप आवाज त्या अरुंद बोळात इतका मोठा होई, की जयूला मुद्दाम खोकावं लागे. पुढच्या खोलीत तिच्या वडिलांचा, भय्यासाहेबांचा, दवाखाना होता आणि मधे नुसतं एक माजघर. वैद्याच्या घरात चोरून लोणचं खाणारे पुष्कळ निघतील, चोरून पाणी पाजणारी मात्र ही एकटीच.

वेळणी रिकामी झाली तशी ठमीनं मान वर केली. जयूनं बादलीतलं आणखी पाणी ओतलं.

"बस हं आता," ती हळूच म्हणाली. "माझी शामत आणशील."

ठमीला घरात आणलं रमेशनं, जयूच्या थोरल्या भावानं. इंग्रज गेले त्या वर्षी महूच्या छावणीत कुठल्याशा साहेबाचं बिऱ्हाड उठलं, त्यातलं हे आखूड पायांचं, लांब कानांचं पिल्लू. तेव्हा ती काळी कुळकुळीत होती. आता दोन्ही कुशींवरचे केस झडून कातडी पातळ पडली होती, पाय काटकुळे झाले होते आणि पोट मात्र गाठोड्यासारखं खाली लोंबत होतं. बटाट्याच्या सालीसुद्धा ती सोडत नसे. पाणी पीत सुटायची आणि घरभर ओलं करायची. रमेशची कचेरी भोपाळला हलली. एक नोव्हेंबरपासून मध्यभारत राज्य सरलं, भोपाळ राजधानी झाली, आणि सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत ही अशी कुत्री नको म्हणून त्यानं ठमीला कार्तिक चौकातल्या घरी, वडिलांकडे आणि बहिणीकडे, ठेवलं.

भय्यासाहेबांनी निदान केलं ते ओट्यावर उभं राहून, चार हात लांबून. माणूस सोवळ्याचा. हात लावून अर्ध्या उज्जैनीची नाडी पाहिलेली, पण कुत्र्याला शिवणं त्यांच्याच्यानं व्हायचं नाही.

"पोट बघ, पाय बघ," ते म्हणाले होते. "जलोदर. पाणी बिल्कुल बंद. नुसतं दूध द्यायचं."

जलोदराचं पथ्यच ते. पोटात पाणी साठतं, म्हणून वरून पाणी तोडायचं. जयूला ते कुणी शिकवायला नको होतं.

तिच्या आईला, माईला, जलोदरच झाला होता. जयू तेव्हा मॅट्रिकला होती. माईचं पाणी भय्यासाहेबांनी स्वतः बंद केलं, आणि पुढचे कितीतरी दिवस माई माठाकडे बघत पडून राहिली. जयूला ते बघवेना. दुपारी वडील दवाखान्यात बसले, की ती फुलपात्र भरून न्यायची. माई घटाघटा प्यायची आणि तिचा हात धरून ठेवायची. पावसाळा संपायच्या आत माई गेली. शास्त्रात काय लिहिलंय ते जयूला ठाऊक होतं, तेव्हा आईला कुणी घालवलं हेही तिनं स्वतःशी ठरवून टाकलं. हे ती कुणापाशी बोलली नाही. स्थळं आली, तिनं नाकारली. अण्णांना एकटं कसं टाकू, म्हणाली. लोकांनी कौतुक केलं. ती कन्याशाळेत मास्तरीण झाली आणि सकाळ-संध्याकाळ वडिलांचा स्वयंपाक करत राहिली. ज्याची बायको आपण घालवली त्याला निदान गरम भाकरी तरी मिळावी, असा तिचा हिशेब होता.

आणि आता पुन्हा तेच. पाणी दिलं तर ठमी जाणार, आणि न द्यावं तर तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी जयू वेळणी घासत असतानाच भय्यासाहेब मागच्या दारात येऊन उभे राहिले. माजघरात ठमीनं पुन्हा ओलं केलं होतं. ते त्यातून धोतर सावरून आले होते.

"वाटीभर दुधाचं एवढं होत नाही," ते म्हणाले. "पाणी कोण देतंय?"

जयू वेळणी घासत राहिली.

"जलोदराला पाणी म्हणजे विष. तुला मी सांगायला पाहिजे का? घरात पाहिलंयस तू."

जयूच्या हातातली राख तशीच राहिली. शेजारच्या अनसूयाबाई तेवढ्यात कुंपणावरून डोकावल्या. त्यांना दुसऱ्याच्या घरातलं मधलंच वाक्य नेमकं ऐकू यायचं.

"भैरवगडला सोडून या न तिला, भय्यासाहेब," त्या म्हणाल्या. "कालभैरवाच्या दारात कुत्र्याला कोणी हाड म्हणत नाही. पेढे काय, इमरती काय. पुण्य लागेल वरून."

"रविवारी बघू," भय्यासाहेब म्हणाले आणि आंघोळीला गेले.

जयूला भैरवगड माहीत होतं. लोक देवाला मद्य चढवतात, कुत्र्यांना मिठाई घालतात. पाण्याचं भांडं तिथं कोण भरून ठेवणार होतं? रात्री तिनं वडिलांचं ताट वाढलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली,

"अण्णा, उद्या मी ठमीला फ्रीगंजला नेते. जनावरांच्या डॉक्टरला दाखवते. ते नाही म्हणाले तर मग तुम्ही म्हणाल ते."

भय्यासाहेबांनी घास खाली ठेवला. आता हे बिघडणार, असं तिला वाटलं.

"टांगा सांग," ते म्हणाले. "मीही येतो."

टांग्यात ते पुढे टांगेवाल्याशेजारी बसले. जयू मागे ठमीला मांडीवर घेऊन. वाटेत दोनदा तिचं लुगडं ओलं झालं. टॉवरपाशी माणसांची गर्दी होती, नव्या राज्याचं कुणीतरी भाषण करत होतं. भय्यासाहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर निगम खोकी बांधत होते. मथुरेहून शिकून आलेला तिशीतला माणूस. त्यांचीही बदली रीव्याला झाली होती. नवं राज्य झालं म्हणजे कोणी जागेवर राहायचं नाही असाच जणू हुकूम निघाला होता. तरी त्यांनी हातातली सुतळी टाकली आणि ठमीला टेबलावर घेतलं. डोळे पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली, पोट चाचपलं.

"जलोदर किसने कहा?"

"मी," भय्यासाहेब दारातून म्हणाले. मग सुधारून, "हमने कहा."

"पेट को हाथ लगाके देखा था आपने, वैद्यजी?"

जयूनं खाली मान घातली. वडिलांची अशी फजिती तिला नको होती. ठमी जगावी एवढंच तिला हवं होतं.

"आइए, देख लीजिए," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती.

भय्यासाहेब उंबऱ्यापाशी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी उपरणं काढून खुंटीला अडकवलं, टेबलाशी आले आणि एक तळवा ठमीच्या पोटावर ठेवला. दुसऱ्या हाताच्या बोटानं पलीकडून टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली. ठमीनं त्यांचं मनगट चाटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"हाताला लाट लागत नाही," ते म्हणाले. "पाणी नाही पोटात."

"नहीं है. मांसपेशियाँ ढीली पड़ी हैं, लीवर बढ़ा है, बस." डॉक्टरांनी हात धुतले. "सिर में एक छोटी सी ग्रंथि होती है, वह बिगड़ जाए तो पूरा शरीर ऐसा हो जाता है. कुशिंग कहते हैं. आदमी को होता है, कुत्ते को भी होता है. मैंने किताब में पढ़ा है, जाँच का साधन यहाँ नहीं है. पर लक्षण सब वही हैं."

"इलाज?" जयूनं विचारलं.

"नहीं है, बहनजी. सेवा है. नीम के पानी से चमड़ी धोइए, थोड़ा-थोड़ा खिलाइए, नीचे सूखा टाट रखिए. साल निकाल ले शायद. और पानी मत रोकिए. प्यास से बीमारी नहीं है, बीमारी से प्यास है."

"पण मी तिला पाणी..." जयू बोलून गेली, मग हिंदीत म्हणाली, "मैं उसको चोरी से पानी देती थी."

"इसीलिए तो ज़िंदा है," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा सुतळी हातात घेतली.

परतताना भय्यासाहेब पुढे बसले नाहीत. मागे, जयूच्या शेजारी बसले. धोतराला ठमीचे केस चिकटत होते, ते त्यांनी झटकले नाहीत. जयूला हायसं वाटत होतं आणि रडूही येत होतं. ठमीला पाणी दिलं ते बरोबर ठरलं, पण माईचं? माईचं पोट अण्णांनी हात लावूनच पाहिलं होतं.

घरी आल्यावर आधी आंघोळ करतील असं तिला वाटलं. पण ते सरळ मागच्या बोळात गेले, बादलीतून वेळणी भरली आणि ठमीपुढे ठेवली. मग न्हाणीच्या पायरीवर बसले. दिवेलागणीची वेळ होती. जयू दिवा लावून आली तरी ते तिथंच होते.

"अण्णा, आंघोळीचं पाणी काढू?"

"बस जरा."

ती बसली. ठमी पीत होती. आज जयूला खोकायची गरज नव्हती.

"तुझ्या आईला जलोदरच होता," भय्यासाहेब म्हणाले. "तिथं माझं निदान चुकलं नव्हतं. सगळ्या तऱ्हेनं पाहिलं होतं मी."

"हो."

"पाणी तोडणं हेच पथ्य होतं."

"हो," जयू म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. "अण्णा, मी द्यायचे तिला. दुपारी, तुम्ही पुढे बसलात की. रोज. फुलपात्रानं. तिला मी घालवलं, अण्णा."

भय्यासाहेब ठमीकडेच बघत राहिले.

"रोज?"

"रोज."

"मी पहाटे द्यायचो," ते म्हणाले. "पूजा झाली की. तीर्थ म्हणून. तीर्थाला पथ्य नसतं, अशी माझी मीच समजूत घातली. पळीभर द्यायचं म्हणून बसायचो आणि तांब्या रिता व्हायचा." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला, कुत्र्याला लावलेलाच हात. "इतकी वर्षं मला वाटतंय, वैद्य असून आपणच पथ्य मोडलं."

जयू त्यांच्याकडे वळली.

"मला म्हणाली होती," ती हळूहळू म्हणाली, "अण्णांना सांगू नकोस. शास्त्राचा माणूस आहे, जिवाला लावून घेईल."

"मला म्हणाली, जयूला कळू देऊ नका. पोर धसका घेईल."

ठमीनं वेळणी चाटून पुसून स्वच्छ केली आणि ती त्यांच्या मधे येऊन आडवी झाली. भय्यासाहेबांनी पाय आखडून तिला जागा करून दिली.

"म्हणजे सकाळीही मिळायचं तिला," ते म्हणाले, "आणि दुपारीही."

"हो, अण्णा."

"मग तहानेली नाही गेली."

"नाही," जयू म्हणाली. "पोटभर पिऊन गेली."